चाळीस पावलांचा पत्रव्यवहार

लुडविक मास्तरांचा खडखड्या पडला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मास्तर जेवून आडवे झाले असताना. वादळ म्हणावं असं काही झालंच नव्हतं. चर्चचं एक कौल हललं नाही, शेजारच्या टोन्चकाबाईंच्या दोरीवरचे कपडेसुद्धा जागच्या जागी राहिले. पण मास्तरांच्या द्राक्षमळ्यातला नऊ मीटरचा खांब कमरेएवढ्या उंचीवर मोडला आणि वरचं पात्यांचं चाक हातोड्यांसकट उडून शेजाऱ्याच्या मळ्यात जाऊन पडलं. कुणाची खोड कुठे मोडायची हे वाऱ्याला बरोबर कळतं.

त्या टेकड्यांमध्ये खडखड्याला क्लोपोतेत्स म्हणतात. उंच खांबावर लाकडी चाक, ते वाऱ्याने फिरलं की आसावरचे हातोडे एका चेरीच्या फळीवर टाकटाक बडवायला लागतात, आणि पाखरं पिकत्या द्राक्षांपासून चार हात लांब राहतात. संत याकोबाच्या दिवशी, म्हणजे पंचवीस जुलैला, तो उभा करायचा आणि नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी उतरवायचा, असा शिरस्ता आहे. म्हणजे जूनमध्ये तो पडायला मुळात उभाच असता कामा नये. पण गेल्या नोव्हेंबरात मास्तरांच्या जावयाचा ट्रॅक्टर नादुरुस्त होता, ट्रॅक्टरशिवाय उतरवायला चार माणसं लागतात, आणि मास्तरांना कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर येतं. त्यामुळे खडखड्या अख्खा हिवाळा बर्फात एकटाच बडबडत उभा राहिला. "वाऱ्याचा अभ्यास करतोय," असं मास्तर विचारणाऱ्याला सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

मास्तर म्हणजे लुडविक शुमेन्याक. धाकट्या ग्राबोवेत्सच्या अर्ध्या लोकांना त्यांनी भूगोल शिकवला आणि उरलेल्या अर्ध्यांना नागरिकशास्त्र. ते नुसते मास्तर नव्हते, गावाचे संस्थापक होते. गाव सहाशे वर्षांचं आणि मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे, तेव्हा हे कसं, असं नवख्याला वाटेल. पण गाव वेगळं आणि पालिका वेगळी. पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत धाकटं ग्राबोवेत्स हे थोरल्या ग्राबोवेत्सच्या पालिकेत होतं. रस्ते थोरल्यात, दिवे थोरल्यात, धाकट्याच्या वाट्याला फक्त बर्फ. तेव्हा देशभर गावं आपापली पालिका मागून वेगळी होत होती, वीस लाखांच्या देशात दोनशेच्या वर पालिका झाल्या, मग आपण काय घोडं मारलंय, असं म्हणून मास्तर उभे राहिले. सभा घेतल्या, पत्रकं काढली, मतदान झालं आणि धाकटं वेगळं झालं. लोकसंख्या एक हजार आठशे बारा. एक नगराध्यक्ष, सात नगरसेवक, आणि पगारी नोकर अडीच.

नकाशावरची हद्द मास्तरांनी स्वतःच्या हाताने आखली होती, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत, लाल पेन्सिलीने. संत उर्बानचं छोटं देऊळ आपल्याकडे यायला हवं म्हणून त्यांनी रेघ जरा वळवून घेतली. वळवलेली रेघ खाली उतरली ती नेमकी त्यांच्या आणि इग्नाच ब्राचिचच्या मळ्यांच्या मधून. दोघं बालपणापासूनचे दोस्त. दोन मळ्यांना मिळून एकच खडखड्या होता, दोघांच्या बापांनी बांधावर उभा केलेला, आणि दरसाल दोघं मिळून तो चढवायचे. त्या सभेत इग्नाच मास्तरांच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "लुडविक, माझं घर कुठे गेलं?" मास्तर तेव्हा इतिहास घडवत होते. ते मान वर न करता म्हणाले, "बाजूला हो इग्नाच, नकाशावर तुझी सावली पडतेय." सगळी सभा हसली. त्या दिवसापासून खडखड्या एकट्या मास्तरांचा झाला आणि दोघांत "शुभ दिवस" याखेरीज एक शब्द नाही. "शुभ दिवस" तर तिथे सावकारालाही म्हणतात.

आणि आता चाक इग्नाचच्या मळ्यात पडलं होतं. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. इग्नाच सावकाश आला, चाकाभोवती एक फेरी मारली, ते उचललं आणि आपल्या गोठ्यात घेऊन गेला.

"जा आणि माग," बायको त्रेझिका म्हणाली. "चाळीस पावलं आहेत."

"तो थोरल्या ग्राबोवेत्सचा नागरिक आहे," मास्तर म्हणाले. "चाक सध्या परक्या पालिकेच्या हद्दीत आहे. अशा गोष्टींना एक पद्धत असते."

"पद्धत हीच. दार वाजवायचं आणि म्हणायचं, इग्नाच, चाक दे."

"तुला शासन कळत नाही, त्रेझिका."

त्रेझिकाने हातातला दह्यातल्या पोळीचा पत्रा भट्टीत सरकवला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला नवरा पुरेपूर कळला होता, शासनाचं तिला अडत नव्हतं.

मास्तरांची घाई उगाच नव्हती. वसंतातच नगराध्यक्षा पोलोना स्वतः घरी येऊन गेली होती. पोलोना मास्तरांचीच विद्यार्थिनी, नद्यांमध्ये कच्ची पण माणसांमध्ये पक्की. म्हणाली, "मास्तर, पालिकेला पंचवीस वर्षं होतायत. सोहळा संत याकोबाच्या दिवशी, तुमच्याच मळ्यात, फिरत्या खडखड्याखाली. पालिकेच्या चिन्हावर तुमचाच खडखड्या आहे ना. आणि तुम्हाला मानपत्र. कागदाचं नाही हं, चेरीच्या लाकडाचं, कोरलेलं. भिंतीवर लावलं की जन्मभर राहील." मास्तरांनी त्याच संध्याकाळी दिवाणखान्यातून लग्नाचा फोटो काढून खिळा मोकळा करून ठेवला होता. खडखड्याशिवाय सोहळा म्हणजे मास्तरांनी आपल्याच मळ्यात दोनशे पाहुण्यांसमोर मोडक्या खांबाच्या बुंध्याशेजारी उभं राहणं. हातात पाच आठवडे होते.

पालिका अग्निशमन दलाच्या हॉलच्या माडीवर आहे. मास्तर टाय लावून गेले. पोलोनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही स्वतः जाऊन..."

"हा दोन पालिकांमधला प्रश्न आहे," मास्तर म्हणाले.

"बरं. मग निरीक्षकाकडे देते. ड्रागो पत्र लिहील."

ड्रागो हा पालिकेच्या अडीच नोकरांतला अर्धा. एवढ्याशा पालिकेला पूर्ण निरीक्षक परवडत नाही, म्हणून दोनतीन पालिका मिळून एक निरीक्षक ठेवतात. ड्रागोची दुसरी अर्धी नोकरी थोरल्या ग्राबोवेत्सच्या पालिकेत होती. सोमवारी आणि मंगळवारी तो धाकट्याचा, बुधवारपासून थोरल्याचा. तर ड्रागोने मंगळवारी धाकट्याचा निरीक्षक म्हणून थोरल्याच्या निरीक्षकाला पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि पोस्टात टाकलं. शुक्रवारी ते त्यालाच थोरल्यात मिळालं. नियमाप्रमाणे उत्तराला पंधरा दिवस असतात. ड्रागो सरळ माणूस, त्याने पंधराही दिवस विचार केला, आणि मग स्वतःला कळवलं की सदर चाकाबाबत आपल्या पत्रातला मजकूर मोघम आहे, तरी खुलासा व्हावा.

"तुम्ही स्वतःलाच काय पत्रं लिहिता?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, मंगळवारी मला बुधवारचं काही ठाऊक नसतं," ड्रागो म्हणाला. "तसं ठाऊक असलं तर ती भानगड होते. तुम्हीच शिकवलंत, अधिकार वेगवेगळे ठेवावेत."

हे मास्तरांनी खरंच शिकवलं होतं. पाठ बारावा. मास्तर जिना उतरले.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सोडा घातलेली वाइन घ्यायला जमतात. तिथे गावाने मास्तरांचा प्रश्न हातात घेतला. पोस्टमन रूडी म्हणाला, "लाउडस्पीकर लावा. माझ्या फोनमध्ये खडखड्याचा आवाज आहे, दिवसभर चालू ठेवायचा." टोन्चकाबाई म्हणाल्या, "पाखरांना आवाजाचं काही नसतं, चकाकीचं असतं. जुन्या तबकड्या टांगा. माझ्याकडे नवऱ्याच्या शंभरएक आहेत, अकॉर्डियनच्या, घेऊन जा म्हणजे घर तरी मोकळं होईल." एकाने जाळी सुचवली, एकाने ससाणा. आणि प्रत्येकाने सल्ला झाल्यावर पेला खाली ठेवून म्हटलं, "नोव्हेंबरात उतरवला असता, तर." हे वाक्य कुणीच पुरं केलं नाही. मास्तरांना तेच जास्त लागलं.

"आणि इग्नाचकडे मागितलंत का?" रूडीने विचारलं.

"प्रकरण विचाराधीन आहे," मास्तर म्हणाले.

मग मास्तर थोरल्यात गेले. पंचवीस वर्षांत त्या पालिकेच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला नव्हता. खिडकीतल्या बाईंनी त्यांना हरवलेल्या वस्तूंचा अर्ज दिला. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात भरला. बाईंनी वाचला आणि परत केला.

"वस्तू कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे, असं तुम्हीच लिहिलंय."

"हो. इग्नाच ब्राचिच यांच्या गोठ्यात."

"मग ती हरवलेली नाही."

"पण माझ्याकडेही नाही."

"तसं तर सगळ्या जगाचं सामान तुमच्याकडे नाही, साहेब. त्याला हरवलं म्हणत नाहीत." आणि मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही धाकट्याचे ना? ते रेघवाले?"

मास्तर ताठ मानेने बाहेर आले. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ आपली सायकल कुठली ते त्यांना ओळखता येईना.

आता उरली सरकारी कचेरी. ही तालुक्याच्या शहरात असते आणि ती पालिकेची नसते, राज्याची असते. अख्खा देश या दोन्हींत गोंधळ घालतो, पासपोर्टला पालिकेत जातो आणि नळाच्या तक्रारीला कचेरीत. मास्तर गोंधळ घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तीस वर्षं फळ्यावर खाली पालिका, वर राज्य अशी चौकट काढून दाखवली होती. त्या बळावर ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "दोन पालिकांत वाद आहे. दोघींच्या वरचा जो कोणी अधिकारी असेल, त्याच्याकडे मला जायचं आहे."

"दोघींच्या वर प्रांत," मुलगी म्हणाली.

"आपल्याकडे प्रांत नाहीत."

"घटनेत आहेत."

"घटनेत आहेत, पण स्थापन झालेले नाहीत. हे मी शिकवलेलं आहे."

"मग तुम्हाला माहीतच आहे," मुलगी आनंदाने म्हणाली. "स्थापन झाले की या."

बसमधून परतताना मास्तरांनी आपला तो जुना फळा डोळ्यांपुढे आणला. खाली पालिका, वर राज्य, आणि मधे एक रिकामी जागा. दरवर्षी ते त्या जागेवर खडू टेकवून म्हणायचे, "इथे पुढेमागे काहीतरी येईल." आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, त्या जागेत आपण आलोय.

चोवीस जुलैला ड्रागो मळ्यात पाहणीला आला. तो नेमका कोणत्या पालिकेतर्फे आलाय हा प्रश्न नको म्हणून त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि दोन्ही शिक्के खिशात आणले होते. बरोबर मूळ नकाशा. चाक कुणाच्या हद्दीत पडलं हे एकदा ठरलं की कुणी कुणाला नोटीस द्यायची ते ठरणार होतं. ड्रागोने नकाशा खांबाच्या बुंध्यावर पसरला, पट्टी लावली, आकडेमोड केली, आणि पुन्हा केली.

"मास्तर, ही रेघ जाड आहे."

"जाड म्हणजे?"

"दीड मिलिमीटर. जमिनीवर साडेसात मीटर होतात. थोरल्याने रेघेची वरची कड धरलीय, धाकट्याने खालची. हा मधला पट्टा दोघांच्याही नकाशात आहे. खांबाचा खड्डा त्यात, चाक पडलं तेही त्यात." ड्रागोने नकाशाचा कोपरा सरळ केला. "आता दोन्ही पालिकांनी मिळून ठराव करायला लागेल. पुढची सभा ऑक्टोबरात. खाली सही कुणाची आहे, वाचता येत नाहीये."

सही सुवाच्य होती. ल च्या शेपटीला वेलांटी काढायची मास्तरांची सवय सगळ्या गावाला प्रगतिपुस्तकांवरून ठाऊक होती.

पलीकडे इग्नाच फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं. "शुभ दिवस, मास्तर," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पेन्सिलीला टोक करायला हवं होतं तुम्ही."

एकेकाळी हा माणूस त्यांना लुडविक म्हणायचा. ते 'तुम्ही' मास्तरांच्या छातीत जाऊन बसलं. त्या संध्याकाळी त्यांनी जेवण टाकलं, आणि त्या घरात जेवण टाकणं म्हणजे काय ते त्रेझिकाच्या हातची दह्यातली पोळी खाल्लेल्यालाच कळेल.

संत याकोबाचा दिवस उजाडला. सोहळा अकराला. सातलाच पोलोनाची माणसं मळ्यात बाकं मांडायला लागली. मोडक्या बुंध्यावर कुणीतरी फुलांची कुंडी ठेवली, ती फारच केविलवाणी दिसत होती. वर तारेवर साळुंक्यांएवढी काळी पाखरं ओळीने बसून कार्यक्रमाची वाट पाहत होती. मास्तर पांढरा सदरा घालून खिडकीशी उभे होते. त्रेझिकाने एक झाकलेला पत्रा त्यांच्या हातात दिला. गरम होता.

"हे काय?"

"पोळी. दर याकोबाला मी इग्नाचकडे नेऊन देते. पंचवीस वर्षं. चाळीस पावलं आहेत हे मला उगाच माहीत नाही. यंदा माझे गुडघे दुखतायत."

तिचे गुडघे मुळीच दुखत नव्हते. मास्तर गेले. बांधापाशी जरा थबकले, साडेसात मीटरचा तो दोघांचा पट्टा ओलांडला आणि गोठ्याच्या दारात उभे राहिले.

आत लांबच्या लांब एक खांब आडवा होता, ताजा सोललेला, नऊ मीटरचा. त्याच्या टोकाशी चाक. दोन पाती नवी बसवलेली, आसाला डुकराची चरबी लावलेली, चाकाचं तोंड वाऱ्याकडे वळवणारी बर्चच्या फांद्यांची शेपटीही बांधून तयार. इग्नाच स्टुलावर बसून चौथा हातोडा घासत होता.

"हे तू कधी केलंस?" मास्तरांनी विचारलं.

"जूनमध्येच. चाक पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी झाड पाडलं."

"मग दिलं का नाहीस?"

"मागितलंस कुठे?" इग्नाचने खिशातून घडी घातलेले कागद काढले. "ही बघ. तीन पत्रांच्या प्रती आल्या मला. एक धाकट्याचं, दोन थोरल्याची, तिन्हींवर ड्रागोची सही. कलमं आहेत, पोटकलमं आहेत. 'इग्नाच, दे' असं एकातही नाही. शोधलं मी, चष्मा लावून शोधलं."

मास्तरांनी पोळीचा पत्रा गवतावर ठेवला. भरल्या सभांत बोललेल्या त्या माणसाला दोन शब्द जमवायला फार वेळ लागला.

"इग्नाच, चाक दे," ते म्हणाले. "आणि ते सावलीचं. मी वाईट बोललो."

"सावली पडत नव्हतीच," इग्नाच म्हणाला. "दिवा माझ्या समोर होता. माझी सावली पडायची ती मागे. पंचवीस वर्षं हेच सांगायचं होतं मला." त्याने नाक पुसलं आणि फडक्याने हातोडाही पुसला. "चल, धर. पण फळी नाहीये. जुनी पडताना चिरफाळली. वाळलेलं चेरीचं लाकूड सगळीकडे शोधलं, नाही मिळालं. ओलं लावलं तर गोधडी धोपटल्यासारखा आवाज येतो, पाखरं हसतील."

दोघांनी खांब बाहेर काढला तेव्हा बाकांवर माणसं बसायला लागली होती. दोघांना एकाच खांबाची दोन टोकं धरून येताना पाहिलं आणि बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. टोन्चकाबाईंनी पदराची किनार डोळ्याला लावावी तसा रुमाल लावला आणि रूडीला म्हणाल्या, "तुझा तो फोन बंद ठेव आज."

पोलोनाने वेळ दवडली नाही. भाषण छोटं केलं आणि मानपत्र मास्तरांच्या हातात दिलं. हातभर लांब, दोन बोटं जाड, वर खडखड्या कोरलेला आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'लुडविक शुमेन्याक, धाकट्या ग्राबोवेत्सचे संस्थापक'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं आणि कान जवळ नेला.

"पोलोना, हे लाकूड किती वाळलेलं आहे?"

"सुतार म्हणाला, बारा वर्षांचं. का हो मास्तर?"

मास्तरांनी मानपत्र इग्नाचकडे दिलं. "हे लाव."

"मास्तर, त्यावर तुमचं नाव आहे," पोलोना म्हणाली.

"आहे ना," मास्तर म्हणाले. "इग्नाच, नावाची बाजू वर ठेव. खाली दडवू नकोस."

इग्नाचने खिळे ठोकले. मग मोडका बुंधा खड्ड्यातून उपसून काढला, दोर बांधले आणि धाकट्याची माणसं एका बाजूला, थोरल्याची दुसऱ्या बाजूला उभी राहिली. थोरल्याची माणसं कधी आणि कशी आली ते कुणी विचारलं नाही. एवढ्यात ड्रागो धापा टाकत चढ चढून आला. ठराव झाल्याशिवाय या पट्ट्यात काही उभारता येत नाही, हे सांगणं त्याचं काम होतं. त्याने एका खिशातला शिक्का चाचपला, मग दुसऱ्या खिशातला, मग एक दोर ढिला पडतोय असं पाहून तोच धरला. खांब हलला, डुलला, आणि बापांच्या जुन्या खड्ड्यात जाऊन उभा राहिला.

वारा थोडा वेळ रेंगाळला. मग चाकाने एक चक्कर घेतली, दुसरी घेतली, आणि चारही हातोडे संस्थापकांच्या नावावर टाकटाक, टाकटाक बडवायला लागले. तारेवरची पाखरं एकदम उठून दरीपलीकडे गेली. मास्तर मान वर करून बघत राहिले. इतका सुरेख आवाज त्यांनी बापाच्या वेळेपासून ऐकला नव्हता, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी उन्हावर ढकललं नाही.

इग्नाच डोकं कलतं करून ऐकत होता. "जरा जास्तच बोलतो हा," तो म्हणाला.

"मास्तर आहे," त्रेझिका पोळी कापता कापता म्हणाली. "आता नोव्हेंबरपर्यंत थांबायचा नाही. तेव्हा मात्र दोघं मिळून उतरवा."